सर्व्हर नाही म्हणतो तेव्हा

गळीत हंगामातली रात्र. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॉली चढते, भरलेल्या गाडीचे वजन पडद्यावर उमटते, गाडी गव्हाणीकडे जाते, रिकामी होऊन परत काट्यावर येते, पुन्हा वजन होते आणि पावती निघते. मागे रांग असते. ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या, कडेला कुणी शेकोटी पेटवलेली. काट्याच्या खोलीतला संगणक स्वतः फारसे काही करत नाही. तो आकडा पलीकडच्या इमारतीतल्या सर्व्हरकडे पाठवतो. तो सर्व्हरही आता एकटा राहिलेला नाही. लोखंडी पेटी एकच, पण तिच्या पोटात चार-पाच सर्व्हर नांदतात: एक काट्याचा, एक ऊसनोंदीचा, एक शेतकऱ्यांच्या बिलांचा, एक पगार-हजेरीचा. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात आणि ज्या पेटीत ती राहतात तिला होस्ट. आता समजा, पुण्यात बसलेल्या सपोर्टच्या माणसाने या होस्टला जोडून पाहिले आणि त्याच्या पडद्यावर ‘जोडता आले नाही’ एवढाच संदेश आला. तो कारखान्यात फोन करतो. फोन उचलणारा साहेबांना सांगतो, ‘सर्व्हर डाउन आहे.’ बातमी काट्यापर्यंत पोचते आणि तिथला कारकून गोंधळून पडद्याकडे बघत राहतो. कारण त्याची पावती तर निघते आहे.

कारकून बरोबर आहे आणि साहेबांना मिळालेली बातमी चुकीची आहे. व्हर्च्युअल मशीन चालवणे हे एक काम आणि दुरून तिची देखभाल करणे हे वेगळे काम. दोन्हींसाठी होस्टमध्ये वेगवेगळी माणसे नेमल्यासारखी व्यवस्था असते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या होस्टवरच्या प्रणालीमध्ये देखभालीची सेवा बंद करून पुन्हा चालू केली तरी आतली मशीन चालूच राहतात. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयमध्येही देखभालीचे एजंट परत सुरू करता येतात आणि आतल्या मशीनना त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे दुरून जोडणी तुटली याचा अर्थ फक्त एवढाच, की बाहेरून आत बघण्याची खिडकी बंद झाली आहे. घर चालू आहे. हा फरक माहीत नसला की पुढचे वाक्य ठरलेले असते: ‘एकदा रीस्टार्ट मारा.’ मग कुणीतरी सर्व्हरच्या खोलीत जाऊन होस्टचे बटण दाबतो, आतली सगळी मशीन एकदम पडतात, आणि तोपर्यंत नुसती अफवा असलेली गोष्ट खरी होते. काटा तेव्हा थांबतो.

माझे म्हणणे असे आहे की, दुरून होणारी जोडणी तुटते तेव्हा बहुतेक वेळा यंत्र बिघडलेले नसते. ते नाही म्हणत असते, आणि नाही म्हणणे हा त्याच्या नेमून दिलेल्या कामाचा भाग असतो. त्या नकाराचे कारण शोधायला अर्धा-पाऊण तास लागतो. नकार देण्याची सर्व्हरची ताकदच काढून टाकायला पाच मिनिटे पुरतात. आपल्याकडे सर्रास पाच मिनिटांचा रस्ता धरला जातो. त्या दिवशी तो यशस्वी ठरतो, म्हणून त्याची किंमत कुणाच्या हिशेबात येत नाही.

नगर जिल्ह्यात हा प्रश्न जास्त टोकदार होतो त्याला कारण भूगोल. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा: १७,०४८ चौरस किलोमीटर, तालुके १४. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीतला अकोले आणि आग्नेयेला बीडच्या हद्दीला लागलेला जामखेड, यांच्यात दीडशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता. लोणीला प्रवरा, भेंड्याला ज्ञानेश्वर, सोनईला मुळा, कोळपेवाडीला नि सहजानंदनगरला कोपरगाव तालुक्यातले कारखाने; शिवाय पतसंस्था, दूध संघ, महाविद्यालये, नागापूर आणि सुप्याच्या एमआयडीसीतले कारखाने. प्रत्येक ठिकाणी सर्व्हरचा जाणकार माणूस बसवणे कुणाला परवडत नाही, आणि परवडले तरी तो माणूस पुण्याची नोकरी सोडून भेंड्याला येऊन राहीलच असे नाही. तेव्हा दुरून देखभाल ही इथे चैन नाही. म्हणूनच ती कशी तुटते आणि कशी जोडतात हे नीट समजून घ्यायला हवे.

नकाराचे सूर तीन असतात आणि ते ऐकता येणे हे या कामातले निम्मे कौशल्य. पहिला सूर म्हणजे शांतता. तुम्ही हाक मारता, वीस सेकंद काहीच होत नाही, मग तुमचाच संगणक कंटाळून सांगतो की उत्तर आले नाही. याचा अर्थ हाक बहुधा वाटेतच गिळली गेली: राउटरने, फायरवॉलने किंवा रस्ता रुंदीकरणात जेसीबीने तोडलेल्या केबलने. दुसरा सूर म्हणजे तत्काळ नकार. हाक मारल्याबरोबर, क्षणात, ‘इथे कुणी नाही’ असे उत्तर येते. हे उत्तर आले ही चांगली खूण, कारण तुम्ही घरापर्यंत पोचलात. फक्त ज्या दारावर टकटक केली त्या दारामागे ती सेवा चालू नाही. तिसरा सूर म्हणजे ‘परवानगी नाही’. इथे तर दारही उघडले, माणूसही भेटला. त्याने तुमच्याकडे पाहिले आणि ओळख पटली नाही किंवा ओळख पटूनही अधिकार दिसला नाही. पहिला प्रश्न रस्त्याचा, दुसरा सेवेचा, तिसरा ओळखीचा. तिन्हींवर औषध वेगळे आहे. फोनवर मात्र तिघांचे भाषांतर एकच होते: ‘कनेक्ट होत नाही.’

त्यात ‘पिंग होतंय का?’ या प्रश्नाने आणखी घोळ होतो. पिंग होते याचा अर्थ घराला पत्ता आहे, इतकाच. हायपर-व्हीच्या आताच्या आवृत्त्यांची देखभाल विनआरएम नावाच्या सेवेतून चालते. तिचे दार ५९८५ क्रमांकाचे, कुलूपबंद पाकिटातून बोलायचे असेल तर ५९८६. आतल्या मशीनचा पडदा बघायचा तर २१७९. ईएसएक्सआयसाठी ४४३ आणि ९०२. पिंग यांपैकी एकाही दारातून जात नाही. त्यामुळे पिंग छान होते आणि देखभाल होत नाही यात विरोधाभास काही नाही. उलट पिंग बंद ठेवलेल्या सर्व्हरची देखभाल उत्तम चालू असू शकते. विचारायचे असेल तर त्या नेमक्या दाराविषयी विचारावे; विंडोजमध्ये त्यासाठी एका ओळीची आज्ञा आहे आणि ती कुणालाही शिकवता येते.

प्रवरेच्या काठच्या वाचकाला हे नवे वाटू नये. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, तेथून सोडलेले पाणी नदीतून ओझरच्या बंधाऱ्याला येते, आणि तिथून डावा-उजवा कालवा निघून पाणी चाऱ्यांमधून शेतापर्यंत जाते. टेलच्या शेतकऱ्याला आवर्तनात पाणी मिळाले नाही तर तो शिव्या धरणाला देतो. पण पाटकरी धरणाकडे धावत नाही. तो चारी धरून चालत येतो. अमक्या दारापर्यंत पाणी आहे, पुढच्या दारापाशी नाही. म्हणजे दोष या दोन दारांच्या मधे. कुठे गवत अडकलेले असते, कुठे उंदराने बीळ पाडलेले, कुठे कुणी रात्री दार फिरवलेले. जोडणीचा दोष शोधण्याची दुसरी शास्त्रीय पद्धत मला तरी माहीत नाही. फरक एवढाच की सर्व्हरच्या पाटावर चालायचे धैर्य कमी लोकांत असते. बाकीचे सगळीच दारे सताड उघडी टाकतात आणि टोकाला पाणी आले म्हणून समाधान मानतात.

ओळखीचा प्रश्न सर्वांत खोल आणि सर्वांत गमतीचा आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. एखादी संस्था डोमेनमध्ये असेल, म्हणजे सगळ्यांची ओळख एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर पटवली जात असेल, तर विंडोज कर्बेरॉस नावाची पद्धत वापरते. कर्बेरॉस नावावर चालते. तुम्ही सर्व्हरला नावाने हाक मारली तर ती तिकीट काढून देते. नुसत्या आयपी पत्त्याने हाक मारली तर सहसा देत नाही, आणि मग विनआरएम तुम्हाला अनोळखी ठरवून परत पाठवते. आपल्याकडे सपोर्टचा पहिला सवाल ‘आयपी सांगा’ हाच असतो. म्हणजे आपण होऊन ओळख न पटणारा मार्ग निवडायचा आणि मग सर्व्हरला नावे ठेवायची. नावाच्या बाबतीत नगरकरांना वेगळे उदाहरण द्यायला नको. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पाट्या रंगवता येतात, लेटरहेड छापता येतात, पण एखाद्या संस्थेने त्या उत्साहात होस्टचेही नाव बदलले, तर जुन्या नावाने दिलेले प्रमाणपत्र, नावांच्या मध्यवर्ती वहीतली नोंद आणि देखभालीच्या संगणकांवर जपलेली जुनी जोडणी, सगळे एकदम परके होते. यंत्राला इतिहास कळत नाही. प्रमाणपत्रावरचे अक्षर आणि हाकेतले अक्षर जुळते का, एवढेच ते पाहते.

दुसरी ओळख घड्याळाची. कर्बेरॉस दोन्हीकडच्या घड्याळांत पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेते. त्याहून जास्त झाला की तिकीट नाकारते, कारण चोराने जुने तिकीट पुन्हा वापरू नये. इथे आपल्याकडची एक खास चूक घडते. सर्व्हर नवा बसवताना त्याचा टाइम झोन अमेरिकेचा राहून जातो. पडद्यावरची वेळ चुकीची दिसते, म्हणून बसवणारा माणूस झोन न बदलता काटे फिरवून भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ जुळवतो. आता पडद्यावर सव्वाअकरा, भिंतीवर सव्वाअकरा, सगळे खूश. पण यंत्रे आपसात बोलताना स्थानिक वेळ बघतच नाहीत, जागतिक वेळ बघतात. आणि तिच्यात हा सर्व्हर आता बारा-तेरा तासांनी चुकला आहे. डोळ्यांना बरोबर दिसणारे घड्याळ चुकीचे असते, आणि ते कुणी तपासत नाही, कारण दिसायला ते बरोबर आहे. याची आणखी एक तऱ्हा: डोमेनचा मुख्य सर्व्हर त्याच होस्टच्या पोटात व्हर्च्युअल मशीन म्हणून असतो. होस्ट वेळ विचारतो डोमेनला, डोमेनचे मशीन वेळ विचारते होस्टला. दोघे एकमेकांना विचारत हातात हात घालून हळूहळू खऱ्या वेळेपासून दूर जातात. एकमेकांशी त्यांचे अगदी जुळते. बाहेरून आलेल्याशी जुळत नाही. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितली, ती केवळ कागदी हौस नव्हे. त्याच निर्देशांत सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे आणि लॉग १८० दिवस जपण्याचे बंधन आहे. घड्याळच चुकीचे असेल तर त्या नोंदींना पुरावा म्हणून काय किंमत उरते?

तिसरी गोष्ट शेजाराची. विंडोज प्रत्येक जाळ्याला एक शिक्का मारते: घरचे, डोमेनचे किंवा सार्वजनिक. पावसाळ्यात वीज पडून राउटर जळाला, नवा बसवला, की डोमेनमध्ये नसलेला होस्ट म्हणतो, हे जाळे माझ्या ओळखीचे नाही. आणि ‘सार्वजनिक’ हा शिक्का मारून मोकळा होतो. विंडोज सर्व्हरवर सार्वजनिक जाळ्यासाठी विनआरएमचा जो नियम असतो तो फक्त त्याच जाळ्यातल्या शेजाऱ्यांना आत घेतो, बाहेरच्यांना नाही. परिणाम असा की, सर्व्हरच्या खोलीशेजारच्या टेबलावरून देखभाल व्यवस्थित चालते आणि पुण्याहून चालत नाही. दोन्ही टोकांची माणसे फोनवर एकमेकांना खोटे ठरवतात. दोघेही खरे बोलत असतात. आणि राउटर बदलला होता ही गोष्ट कुणी सांगत नाही, कारण ती विजेच्या माणसाच्या खात्यातली, संगणकाच्या नव्हे.

यावर कुणी म्हणेल, आणि रास्त म्हणेल, की एवढी गुंतागुंत असेल तर दोष वापरणाऱ्याचा कसा? बनवणाऱ्याचा नाही का? या आक्षेपात तथ्य आहे. हायपर-व्ही २००८ मध्ये आले तेव्हा डोमेनबाहेरच्या दोन संगणकांत दुरून देखभाल जुळवायची तर फायरवॉल, डीकॉमच्या परवानग्या, डब्ल्यूएमआयच्या परवानग्या आणि अधिकारांची आणखी एक स्वतंत्र वही, इतक्या ठिकाणी हात घालावा लागे. जॉन हॉवर्ड हे मायक्रोसॉफ्टमध्ये हायपर-व्हीच्याच गटात काम करणारे गृहस्थ; त्यांनी आधी या जुळवाजुळवीवर लेखांची मालिका लिहिली आणि शेवटी एचव्हीरिमोट नावाची स्क्रिप्ट लिहून लोकांच्या हाती दिली. कंपनीच्याच माणसाला आपल्याच उत्पादनाचे दार उघडून देणारे अवजार वेगळे लिहावे लागते, यापेक्षा स्पष्ट कबुली कोणती? पुढे २०१२ च्या आवृत्तीत हायपर-व्ही चालकांसाठी स्वतंत्र गट आला, २०१६ पर्यंत देखभाल विनआरएमवर आली आणि दारे कमी झाली. तरी काही काटे राहिलेच. साध्या स्थानिक खात्याला प्रशासकाचे अधिकार दिलेले असले, तरी ते खाते जाळ्यावरून आले की विंडोज त्याचे अधिकार कापूनच आत घेते. पासवर्ड बरोबर, खाते बरोबर, तरी ‘परवानगी नाही’. बनवणाऱ्याने संदेशात कारण लिहायला हवे होते. ते लिहिलेले नाही, हे मान्य. पण त्या स्क्रिप्टमधला एक गुण इथे नोंदवण्यासारखा आहे: ती नुसती दारे उघडत नव्हती, काय काय जुळलेले आहे आणि काय नाही ते तपासून दाखवतही होती. घाईतला माणूस नेमके तेच पाऊल गाळतो.

घाईचे उपाय ठरलेले आहेत. फायरवॉल बंद करून बघा. विश्वासू यंत्रांच्या यादीत एक चांदणी टाका, म्हणजे जगातले प्रत्येक यंत्र विश्वासू. राउटरमधून दार सरळ इंटरनेटवर काढा. प्रमाणपत्राची तपासणी बंद करा. नाहीतर सरळ होस्टवरच एनीडेस्क हे दुरून पडदा हाताळण्याचे अवजार टाका आणि पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवा. यातला प्रत्येक उपाय ‘तात्पुरता’ असतो. जोडणी जुळते, फोन बंद होतो, आणि तात्पुरते ते तसेच पुढच्या हंगामापर्यंत राहते, कारण चालत असलेल्या गोष्टीला हात लावायला कुणी धजत नाही. या उपायांतली आणखी एक खोट अशी की, त्यांनी निदान होत नाही. फायरवॉल बंद केल्यावर जोडणी जुळली, तर एवढेच कळले की दोष फायरवॉलच्या कोणत्यातरी नियमात होता. कोणत्या, ते नाही. पाच मिनिटांत माहिती मिळाली, ती वापरून एक नियम नेमका उघडायचा आणि फायरवॉल परत लावायची, हा त्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग. तो केला तर माझा फायरवॉल क्षणभर बंद करण्यालाही विरोध नाही.

‘आमच्यासारख्या लहान संस्थेवर कोण कशाला टपून बसेल?’ हा दुसरा आक्षेप, आणि तो नगरपासून गडचिरोलीपर्यंत सारख्याच आत्मविश्वासाने घेतला जातो. फेब्रुवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात ईएसएक्सआयआर्ग्ज नावाच्या खंडणीखोर हल्ल्यात जगभरचे हजारो होस्ट कुलूपबंद झाले. हल्ला व्हर्च्युअल मशीनवर नव्हता. मशीन ज्याच्या पोटात राहतात त्या होस्टवरच होता. ज्या दोषातून हल्लेखोर आत शिरल्याचे सांगितले गेले तो एका दुय्यम सेवेतला होता, दार क्रमांक ४२७, आणि त्यावरची दुरुस्ती दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०२१ मध्येच, निघालेली होती. त्या सेवेची बहुतेकांना गरजही नव्हती. दार उघडे होते, कारण ते कुणी बंद केले नव्हते. इथे कुणी संस्थेचे नाव वाचून निवड केली नाही. इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रोग्रॅमने उघडी दारे ढकलून पाहिली. चोर घर बघून येतो ही आपली समजूत गावातल्या चोराबद्दल खरी असेल. हा चोर कडी बघतो. आणि होस्ट गेला की एक मशीन जात नाही, काटा, नोंद, बिले आणि पगार एकाच वेळी जातात; बॅकअप त्याच पेटीत ठेवले असेल तर तेही.

सहकाराच्या जिल्ह्याला याहून जवळचे उदाहरण ३१ जुलै २०२४ चे. सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर हल्ला झाल्याच्या शक्यतेवरून राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, तिला किरकोळ व्यवहारांच्या जाळ्यातून तात्पुरते वेगळे काढले. देशभरातल्या सुमारे तीनशे लहान बँकांचे ग्राहक त्यात अडकल्याच्या बातम्या आल्या. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. त्या बँकांच्या स्वतःच्या शाखांत काही बिघडले नव्हते. सायबर सुरक्षेत काम करणाऱ्या क्लाउडसेक या कंपनीने नंतर जो निष्कर्ष मांडला तो असा की, साखळीची सुरुवात एका पुरवठादाराकडच्या चुकीच्या पद्धतीने मांडलेल्या जेनकिन्स सर्व्हरपासून झाली. जेनकिन्स हे व्यवहाराचे सॉफ्टवेअर नव्हे. सॉफ्टवेअर बांधण्याचे आणि पोचवण्याचे, म्हणजे कारभाराच्या बाजूचे अवजार आहे. ग्राहक ज्या दारातून येतो त्याला कुलूप घालण्याची अक्कल एव्हाना सगळ्यांना आली आहे. घरचा माणूस ज्या मागच्या दाराने येतो-जातो, ते सताड असते.

हेच उदाहरण तिसऱ्या आक्षेपालाही पुरते. ‘आता सगळे क्लाउडवर जाईल, होस्टच आपल्याकडे राहणार नाही, मग ही कटकट कशाला?’ होस्ट जाईल. देखभालीचे दार जाणार नाही, ते दुसऱ्याच्या अंगणात जाईल. तिथे ते एकाच वेळी शेकडो संस्थांचे दार असेल. शिवाय गेल्या दोन-तीन वर्षांत जे घडले त्यावरून क्लाउडकडे जाण्याचा वेग आणि खर्च आपल्या हातात नाही हेही दिसले. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसएक्सआयची फुकट आवृत्ती बंद केली. एप्रिल २०२५ मध्ये ती परत आली. मायक्रोसॉफ्टचा फुकट हायपर-व्ही सर्व्हर २०१९ च्या आवृत्तीवर थांबला. लहान संस्था मग प्रॉक्समॉक्ससारख्या मुक्त पर्यायाकडे वळतात, तिथे दार ८००६ असते, आणि पुन्हा पहिल्या दिवशी कुणीतरी विचारतो, ‘हे बाहेरून दिसत का नाही?’ यंत्रणा बदलते तसा दाराचा क्रमांक बदलतो, सवय तीच राहते.

उरतो पैशाचा आणि माणसांचा आक्षेप. तो मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो खोटा नाही. तालुक्याच्या पतसंस्थेने बँकेच्या मुख्यालयासारखी व्यवस्था उभारावी अशी अपेक्षा नाही; ती रिझर्व्ह बँकेने सगळ्या नागरी सहकारी बँकांकडूनही ठेवलेली नाही. ३१ डिसेंबर २०१९ च्या तिच्या सायबर सुरक्षा चौकटीत बँकांचे त्यांच्या डिजिटल व्यवहारांनुसार चार स्तर केले आहेत आणि खालच्या स्तराला अपेक्षा कमी आहेत. पण वर सांगितलेल्या दुरुस्त्यांची यादी खर्चाच्या नजरेने पुन्हा पाहावी. सर्व्हरला नावाने हाक मारणे फुकट आहे. घड्याळ जुळवणे फुकट आहे. जाळ्यावरचा शिक्का बदलणे फुकट आहे. देखभालीचे दार इंटरनेटवर न काढता व्हीपीएनच्या बोगद्यातून नेण्यासाठी वायरगार्डसारखे मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि ते साध्या राउटरवर चालते. स्वस्त ब्रॉडबँडवर संस्थेला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, शंभर ग्राहकांत एकच पत्ता वाटलेला असतो, ही अडचण खरी. एनीडेस्कचा सुळसुळाट मोठ्या प्रमाणात त्यामुळेच आहे. पण बोगदा आतून बाहेर काढता येतो, मुख्यालयाकडे एक स्थिर पत्ता असला की पुरे. आणि एनीडेस्कच्या बाबतीत, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या कंपनीनेच आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर करून प्रमाणपत्रे बदलली होती. ज्याच्या हाती आपल्या होस्टची किल्ली आहे त्याच्या घरी चोरी झाली, तर आपल्याला कळवणारे कोण? बहुतेक संस्थांत ते अवजार कुणी, कधी, कोणत्या यंत्रावर टाकले याची यादीही नसते.

बोगदा झाला म्हणजे सगळे झाले असेही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. बोगद्याचा स्वतःचा एक छुपा आजार आहे. फायबरच्या पीपीपीओई जोडणीत एका पाकिटाची मर्यादा नेहमीच्या १५०० बाइट्सऐवजी १४९२ असते, बोगद्याचे आवरण चढल्यावर ती आणखी घटते. पिंगची पाकिटे चिमुकली, ती जातात. लॉगिनही होते, कारण ते थोडक्यात आटोपते. मग मशीनची यादी मागवली की मोठे पाकीट वाटेत अडते आणि पडदा गोठतो. माणूस म्हणतो, ‘सर्व्हर स्लो आहे,’ आणि संस्था नवी रॅम विकत घेते. तसाच व्हीएमवेअरमधला एक नमुना: व्हीसेंटरला, म्हणजे अनेक होस्टची एकत्र देखभाल करणाऱ्या सर्व्हरला, होस्ट जोडला जातो, मिनिटभर हिरवा दिसतो आणि तुटतो. पुन्हा जोडा, पुन्हा मिनिटभर. होस्ट दर काही सेकंदांनी ९०२ वर यूडीपीने ‘मी जिवंत आहे’ असा ठोका पाठवत असतो. तो वाटेतली फायरवॉल गिळत असली की साठ सेकंदांनी व्हीसेंटर त्याला बेपत्ता धरते. तुटण्याआधीचा काळ मोजला की निदान हाती येते. घड्याळ लावून मोजणारा माणूस मात्र दुर्मिळ.

माणसांच्या तुटवड्यावर माझे उत्तर एका वहीचे आहे, आणि ते ऐकून संगणकाची माणसे हसतात. राउटर बदलला, इंटरनेटची कंपनी बदलली, होस्टचे नाव बदलले, अपडेट टाकले, खाते काढले: तारीख, वेळ, कुणी केले, काय केले. काल चालत होते आणि आज चालत नाही, तर मधे काहीतरी बदलले आहे. ते कुणी सांगू शकले तर अर्ध्या-पाऊण तासाचे काम दहा मिनिटांवर येते. ज्या कारखान्यात दर गाडीच्या दोन वजनांची, चिटबॉयच्या चिठ्ठीची आणि टोळीच्या उचलीची नोंद वर्षानुवर्षे बिनचूक ठेवली जाते, तिथे सर्व्हरच्या खोलीत वही नसावी याला माणसांचा तुटवडा म्हणता येत नाही.

एक कोडे मात्र वहीने सुटत नाही. डोमेनचा मुख्य सर्व्हर होस्टच्या पोटात ठेवला आणि वीज गेली, यूपीएस संपला. वीज परत येते, होस्ट आधी उठतो, आणि उठताच आपली ओळख पटवायला ज्याला विचारायचे तो अजून त्याच्याच पोटात झोपलेला असतो. जाळ्याचा शिक्का ‘सार्वजनिक’ पडतो, नावांची वही उत्तर देत नाही, दुरून कुणाचीच ओळख पटत नाही. पेटीची किल्ली पेटीत राहिली. इथे सर्व्हर नाही म्हणतो ते योग्यच म्हणतो आणि बाहेरून कितीही दारे उघडली तरी उपयोग नाही. शहाणे लोक दुसरा छोटा डोमेन सर्व्हर वेगळ्या यंत्रावर ठेवतात. सर्व्हरच्या पाठीमागे एचपीचे आयएलओ किंवा डेलचे आयड्रॅक असे देखभालीसाठीच दिलेले वेगळे छिद्र असते, होस्ट झोपला तरी ते जागे असते. त्यात केबल लावून, बोगद्याच्या आतच ठेवून, ते वापरता येते. अनेक ठिकाणी ते छिद्र खरेदीच्या दिवसापासून रिकामे आहे, त्यावरची प्लास्टिकची टोपीही निघालेली नाही. तेही नसेल तर कुणालातरी खोलीत जाऊन कीबोर्डवर होस्टच्या स्वतःच्या प्रशासक खात्याने आत शिरावे लागते. त्या खात्याचा पासवर्ड चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाला माहीत होता, असे निघू नये म्हणून तो बंद पाकिटात तिजोरीत ठेवतात. पाकिटावर दोन सह्या असतात, आणि नीट चालवलेल्या संस्थेत तिसरी एक ओळ असते: हा पासवर्ड शेवटचा कीबोर्डवर टाकून पाहिला ती तारीख.